बिनतारखेची सून

आमच्या घरात माझी पाळी हा कधीच माझा खासगी विषय नव्हता. ती येत नाही, हे सासरी लातूरला सगळ्यांना माहीत होतं. लग्नानंतर मूल होईना तेव्हा औषधं झाली, मुलगा झाला आणि काळजी तिथेच संपली. पाळी वर्षातून दोनदा यायची, कधी तेवढीही नाही. नांदेडच्या डॉक्टरबाई त्याला पीसीओडी म्हणत. सासरी त्याचा अर्थ वेगळा होता: महालक्ष्म्यांचा स्वयंपाक करायला घरात एक पक्की बाई आहे.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा पुरणापासून सोळा भाज्यांपर्यंत सगळं सोवळ्यात करायचं असतं. अडचण असलेली बाई त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. त्यामुळे श्रावण लागला की धाकटी जाऊ कॅलेंडर घेऊन तारखा मोजायची. माझी तारीख कुणी विचारत नसे. मी कामावरून सुट्टी काढून नांदेडहून जायची आणि एकशे अठरा किलो वजन दुखऱ्या गुडघ्यांवर तोलत दिवसभर पोळ्या लाटायची. माझ्या आजाराचं एवढं कौतुक दुसरीकडे कुठे झालं नसेल.

दोन वर्षांपूर्वी मी हैदराबादला जाऊन वजनाचं ऑपरेशन करून घेतलं. त्यात जठराचा बराचसा भाग काढून टाकतात. उरतो त्यात वाटीभर जेवण कसंबसं मावतं. वजन उतरू लागलं, पाठोपाठ केस गळायला लागले. अंगाला प्रथिनं कमी पडतात आणि वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा असं होतं, पुढे केस परत येतात, हे मला आधी सांगितलेलं होतं. लातूरला ते कुणालाच पटलं नाही. भेटेल ती बाई आधी भांगाकडे बघायची, मग तोंडाकडे.

नंतर पाळी आली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. डॉक्टरबाईंनी समजावलं, की अंगातली चरबीही हार्मोन तयार करते, त्या गोंधळात बीजकोश काम थांबवतात. चरबी उतरली, इन्सुलिन ताळ्यावर आलं, ते पुन्हा कामाला लागले. चाळिशी ओलांडल्यावर मला पहिल्यांदा स्वतःची तारीख मिळाली. याचा आनंद कुणाला सांगावा, हे मात्र कळेना.

त्यात एक अडचण होती. रक्त जास्त जायचं आणि लहान झालेल्या पोटात लोहाच्या गोळ्या नीट शोषल्या जात नव्हत्या. हिमोग्लोबिन इतकं उतरलं, की सलाइनमधून लोह घ्यावं लागलं. ते कसंबसं नऊवर आलं. दोन जिने चढले की अजूनही थांबावं लागायचं.

गेल्या वर्षी श्रावणात मी सासूबाईंना फोनवर सांगितलं, की यंदा माझी तारीख महालक्ष्म्यांवरच येते आहे. त्या म्हणाल्या, "इतके दिवस काही नव्हतं तेच बरं होतं की गं माय."

त्यानंतर रोज फोन. गोळी घे, असं सगळ्यांचं म्हणणं. पाळी पुढे ढकलायची ही गोळी आमच्याकडे सणाच्या आधी कुठल्याही मेडिकलवर मिळते. चिठ्ठी मागत नाहीत, किती दिवस ढकलायची एवढंच विचारतात. मी डॉक्टरबाईंना विचारलं. ऑपरेशननंतर तुमच्या अंगात ती कशी वागेल सांगता येत नाही, शिवाय बंद केल्यावर रक्त आणखी जास्त गेलं तर नऊवरून कुठे जाणार, असं त्यांनी विचारलं आणि नको म्हणून सांगितलं. मी ते जसंच्या तसं लातूरला कळवलं. चार गोळ्यांनी काय होतंय, सगळ्याच घेतात, असं उत्तर आलं. नवरा म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. म्हणजे गोळी घे; सरळ सांगायचं नसलं की तो हेच वाक्य वापरतो.

गोळीशिवाय इलाज का नाही, हेही यातून बाहेर आलं. सासूबाईंना फार वेळ उभं राहवत नाही. जाऊ रोजचा स्वयंपाक चांगला करते, पण पुरणाची पोळी तिला कुणी शिकवलीच नव्हती, कारण मी होते. ती स्वतःच हसत म्हणाली, "अक्का, तुम्ही आमच्या बिनतारखेच्या होत्या. आता तुम्हीपण आमच्यासारख्या झाल्या तर कसं व्हायचं?"

मी गोळी घेतली नाही. लातूरला मात्र गेले. महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी पाळी आली आणि मी तसं सांगितलं. पुढचे तीन दिवस मी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या बॅगांजवळ बसून काढले. सासूबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून सांगत होत्या, जाऊ करत होती. मधूनच ती दारात यायची आणि पुरण सैल झालं तर काय करायचं, असं हळूच विचारून जायची. पोळ्या फुटल्या, काही करपल्या, तरी वेळेत नैवेद्य झाला. मोठी सून कुठाय, असं आलेल्या बायका विचारत. सासूबाई म्हणत, तिचं ऑपरेशन झालंय. ऑपरेशनला तोवर दीड वर्ष होऊन गेलं होतं.

मला ताट बाहेर आणून दिलं. मी वरण आणि दोन भाज्या घेतल्या, पोळी बाजूला ठेवली. ऑपरेशनपासून गोड खाल्लं की छाती धडधडते, घाम फुटतो, आडवं व्हावं लागतं, हे मी आधीही सांगितलं होतं. "देवीचा प्रसादबी चालंना का आता?" सासूबाईंनी विचारलं. मी पोळीचा एक तुकडा मोडून खाल्ला आणि पुढचा अर्धा तास भिंतीला टेकून बसले. हिमोग्लोबिन किती आहे, हे त्या तीन दिवसांत कुणी विचारलं नाही.

नांदेडला परतल्यावर रक्त तपासलं. नऊच होतं, खाली गेलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी समाधानानं मान हलवली आणि लोहाची पुढची सलाइन लिहून दिली.

नवरात्राच्या आधी जावेचा फोन आला. माझा भरवसा नाही म्हटल्यावर घटाचं सगळं यंदापासून सासूबाईंनी तिच्यावर सोपवलं होतं. तिची तारीख मधल्या माळेला येत होती. गोळ्या तिने आणून ठेवल्या होत्या, किती दिवस आधी सुरू करायच्या एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, घेऊ नको, निदान आधी डॉक्टरला विचार. मला त्या का नको होत्या, ते सगळं मी तिला पुन्हा सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते तुमचं ऑपरेशन झालंय म्हणून, अक्का. माझं कुठं झालंय?"