पोचलात की मिस कॉल द्या!

काचेच्या धंद्यात किस्से धुळीसारखे असतात. संध्याकाळी सगळं पुसून शटर ओढा, सकाळी परत थर बसलेला! आमचं दुकान सोलापुरात अक्कलकोट रोडवर, त्यामुळे धूळही जास्त आणि किस्सेही जास्त. मैत्रिणी म्हणतात, "अगं लिहून काढ की." म्हटलं काढते. तेवढाच वेळ फोनकडे बघत बसायचं टळेल.

आधी धंदा सांगते. दुकान सासऱ्यांच्या वेळचं. गाडीची पुढची काच फुटली की लोक आमच्याकडे येणार, आमचा फिटर बसवराज जुनी काढून नवी चिकटवणार, आणि मी बिल करून चहा सांगणार. सुखाचा संसार होता!

मग नव्या गाड्या आल्या. त्यांच्या काचेला, आरशाच्या मागं, एक छोटा कॅमेरा असतो. तो रस्ता बघतो. पुढं काही आलं तर टूं टूं करतो, आणि ड्रायव्हर ऐकत नसेल तर गाडी स्वतःच ब्रेक मारते. काच बदलली की त्या कॅमेऱ्याची नजर केसभर हलते. मग गाडीसमोर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा बोर्ड उभा करायचा, मशीन जोडायचं आणि त्याला परत शिकवायचं की बाबा रे, सरळ म्हणजे हे! याला म्हणतात कॅलिब्रेशन.

मशीन आलं तेव्हा आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "ट्रेनिंगला तू जा. तुझं इंग्लिश बरं आहे."

गेले. सर्टिफिकेट घेऊन आले. आता गाड्यांची नजर तपासणारी मॅडम म्हणून लोक मला ओळखतात. माझी स्वतःची नजर विचारू नका. जवळचा नंबर आहे, लांबचा नंबर आहे, आणि गाडी रिव्हर्स घेताना मी डोळे मिटते!

*

पहिली गाडी करून दिली, तो दिवस. मशीनवर हिरवी खूण आली. गिऱ्हाईक खूश, नवरा खूश. गाडी दुकानातून बाहेर पडली आणि मी परत बोर्डापाशी गेले.

बोर्ड सरळ होता ना? होता. खूण हिरवीच होती ना? होती, फोटो काढलाय. पण वेळेला त्या गाडीनं ब्रेक मारलाच नाही तर? किंवा भर रस्त्यात उगाचच मारला तर?

राहवेना. फोन लावला. "दादा, घरी पोचलात का?"

"मॅडम, मी अजून तुमच्या दारातच हाय. ट्रक आडवा लागलाय!"

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, "पोचलात की मिस कॉल द्या." लोक देतातही बिचारे. नवरा म्हणतो, "आपण काच बसवतोय का पोरगी सासरी धाडतोय?"

*

एक दिवस मशीन काही केल्या खूण देईना. बोर्ड मोजला, परत मोजला. चाकातली हवा बघितली. कॅमेरा पुसला. लाल म्हणजे लालच! बाहेर गिऱ्हाईक येरझाऱ्या घालतंय, आत मी घामानं भिजलेली.

शेवटी मशीनच्या कंपनीला फोन केला. तिकडचा मुलगा हिंदीत म्हणाला, मॅडम, समोरून एक फोटो पाठवा.

पाठवला. त्यानं तो मोठा करून बघितला. मग अगदी अदबीनं विचारतो, "मॅडम, इसमें बोर्ड कौनसा है?"

बोर्डामागच्या खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून मीच सकाळी तिथं चादर टांगली होती. सोलापुरी! एवढ्या मोठ्या चौकटी, काळ्या-पांढऱ्या!

जन्मापासून तीच अंगावर घेतलेली, मला ती दिसणार कशी? बसवराज हसून हसून खाली बसला. मला मात्र दोन दिवस घास गोड लागला नाही. समजा खूण हिरवी आली असती तर? ती गाडी चादरीला सरळ समजून पुण्याला गेली असती!

*

कॅलिब्रेशनला गाडी रिकामी लागते. वजन असेल तर गाडी झुकते आणि कॅमेरा भलतीकडे बघतो. म्हणून मी आधी विचारते. मोहोळच्या एका दादांना विचारलं, "डिकीत सामान नाही ना?"

"काय बी न्हाय."

"नक्की?"

"रिकामी हाय की ओ मॅडम. सांगतोय न्हवं!"

माझा माझ्यावरच विश्वास नसतो, तर दुसऱ्यावर कुठून ठेवू? बसवराजला म्हटलं, उघड. उघडली. आत गच्च भरलेली दोन पोती.

"दादा, हे काय?"

"ही व्हय? ही ज्वारी हाय!" दादांना माझीच कीव आली. "ज्वारी काय सामान असतंय व्हय?"

*

काही गाड्यांना बोर्ड चालत नाही. त्या रस्त्यावर नेऊन शिकवायच्या. दोन्ही बाजूला पांढरे पट्टे पाहिजेत, वेग एकसारखा पाहिजे. शहरात पट्टे शोधायचे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यातला प्रकार, म्हणून आम्ही पुणे हायवेला जातो. नवरा चालवतो, मी मांडीवर मशीन घेऊन बाजूला.

त्या दिवशी छान चाललं होतं. मशीन म्हणत होतं, लेनमध्ये राहा, वेग कायम ठेवा. मी तेच मराठीत ओरडत होते. एवढ्यात समोरून, आमच्याच लेनमधून, उलट्या दिशेनं, उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर! वर कर्णा लावून गाणी चाललेली.

"आता?" नवरा.

"मशीन म्हणतंय लेन सोडू नका!"

"मशीनला म्हणावं, हे त्या ट्रॅक्टरवाल्याला सांग!"

सोडली लेन. मशीन लाल. माझा चेहरा पांढरा. ट्रॅक्टरवाल्यानं मात्र जाताना हात केला, ओळखीचा असल्यासारखा.

*

एक भाई आले, बेगम मागच्या सीटवर. भाई वैतागलेले. "मॅडम, ये टूं टूं बंद करो. गाडी जरा बाजू में गई की टूं टूं, आगे कोई आया की टूं टूं. दिमाग खराब हो गया!"

मी समजावत होते की हे तुमच्याच भल्यासाठी आहे. तेवढ्यात मागची काच खाली आली. बेगम हळूच म्हणाल्या, "बाजी, इनकी मत सुनो. आवाज और बढ़ाको देव!"

*

आता शरणप्पाकाका. मैंदर्गीचे, भुसार मालाचे व्यापारी. पुण्याच्या जावयानं आग्रह करून नवी ऑटोमॅटिक गाडी घ्यायला लावलेली. क्लच नाही, गिअर नाही. हायवेला वेग लावून दिला की आपली आपण पळते. आठ दिवसांत काका तक्रार घेऊन हजर. "कॅमेरा बंद म्हणून लिहून येतंय. नवी गाडी हाय, आं?"

चपला काढल्या, आमच्या सोफ्यावर मांडी घालून बसले. काका कुठंही बसले की मांडी घालणार. खुर्ची असो, स्टूल असो.

मी गाडी बघितली. काचेवर, बरोब्बर कॅमेऱ्यापुढं, भस्माची तीन ठसठशीत बोटं!

"काका, हे इथं का लावलं?"

"मग कुटं लावणार? कपाळ कुटं असतंय? वर, मधोमध."

आता हे पुसायचं कुणी? आम्हीही त्याच देवाचे. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याला अचानक बँकेत काम निघालं. बसवराजनं हात मागं घेतले. शेवटी धीर करून मीच म्हटलं, "काका, गाडीचा हा तिसरा डोळा आहे. डोळ्यात भस्म घालतात का?"

काका विचारात पडले. मग उठून स्वतःच्या उपरण्यानं स्वतःच पुसलं. जाता जाता मला म्हणाले, "पर पोरी, तिसरा डोळा उघडला तर सगळं जळून जातंय की! आन् तू म्हणतीस, हा कायम उघडा ठेवा?"



*

या दिवाळीनंतर काकांचा सकाळीच फोन. "काच गेली. खडी उडाली. आज पायजे."

ते पुण्याला लेकीला आणायला निघालेले. विजूला सातवा सरलेला, डोहाळजेवण झालेलं, पहिलं बाळंतपण माहेरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अमावास्या लागत होती, त्याच्या आत पोरगी घरात आली पाहिजे, असा काकूंचा हुकूम!

बसवराजनं काच बसवली, नीट वाळू दिली. मी बोर्ड लावला. लाल. परत लावला. लाल. चादर तपासली, चादर नव्हती. हवा बरोबर. डिकी रिकामी, मी स्वतः आत डोकं घालून बघितली. लाल!

नवऱ्यानं मला बाजूला घेतलं. "काच बसलीय. कॅमेरा बंद ठेव आणि जाऊ दे. आयुष्यभर काय त्यांनी कॅमेऱ्यावर गाडी चालवली?"

खरं होतं त्याचं. पण मला डोळ्यांपुढं पोट सांभाळत बसलेली विजू दिसत होती, आणि ट्रॉल्यांनी भरलेला हायवे. म्हटलं, "नाही. पोटुशी पोर आहे. असं नाही सोडणार."

"मग कर काहीतरी. त्यांना बोलवून सांग तरी उशीर होणार म्हणून."

"काका आहेत कुठं?"

सोफ्यावर नव्हते. टपरीवर नव्हते. बसवराजनं गाडीचा मागचा दरवाजा उघडला. काळ्या काचांच्या आड, मागच्या सीटवर मांडी घालून, काका!

"काका! गाडीत कुणी बसायचं नाही म्हटलं होतं ना!"

"कुणी म्हंजे परक्यानं. माझी गाडी हाय, म्हणून बसलो."

उतरवलं. खूण हिरवी. तरी मी परत एकदा केलं. मग आणखी एकदा केलं. काकांच्या वजनाचंच लाल होतं की दुसरं काही होतं? हिरवं आलंय ते खरं हिरवं का? नवरा म्हणाला, "आता तुझंच कॅलिब्रेशन करून आणावं लागेल."

निघताना मी खिडकीला धरून सांगितलं, "काका, हे फक्त मदतीला आहे. पाय ब्रेकपाशीच ठेवा."

"मग काय खिशात ठेवू?"

"आणि पोचलात की मिस कॉल द्या."

"मी काय ल्हान पोरगं हाय व्हय?" आणि गेले.

*

त्या दिवशी मिस कॉल नाही. म्हटलं, पुण्यात लेकीच्या घरी रमले असतील. दुसऱ्या दिवशी दुपार झाली, फोन नाही. मी लावला, बंद. परत लावला, बंद. एका गिऱ्हाइकाच्या बिलावर मी दुसऱ्याच गाडीचा नंबर घातला. चहात साखर घातली का नाही आठवेना, म्हणून परत घातली.

चार वाजता बसवराजनं मैंदर्गीच्या त्याच्या साडूला फोन केला. ऐकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजून आले न्हाईत म्हणं. काकू दारातच बसल्यात."

एरवी टिंगल करणारा माझा नवरा, त्यानं माझा फोन उचलला, शर्टाला पुसला, रेंज आहे का बघितली आणि परत माझ्यापुढं ठेवला. त्यानं मला जास्त भीती वाटली. मी आत जाऊन बोर्ड बघून आले. बोर्ड काय सांगणार? तो सरळच उभा होता.

ऊन उतरायला लागलं आणि दारात हॉर्न वाजला. तीच गाडी!

मी आधी काच बघितली. अख्खी. मग बंपर. अख्खा. मग मागचा दरवाजा उघडला आणि कमरेवर हात ठेवून, सावकाश, विजू उतरली.

काकाही उतरले. मी ओरडलेच, "फोन का बंद तुमचा?"

"चार्जिंग संपलं. आन् मिस कॉल काय द्यायचा? दुकान वाटंवरच हाय, गाडीच दावतो म्हणलं. बघ!"

विजूला पाणी दिलं. अर्धा तांब्या प्यायली, मग म्हणाली, "काकू, मोहोळ सोडलं आणि पुढं उसाची ट्रॉली उभी. बंद पडलेली. मागं लाईट नाही, फडकं नाही, काही नाही. गाडी अशी थांबली, अशी थांबली! शेजारचा लाडवाचा डबा पुढं जाऊन आदळला. मी सीटच्या पट्ट्यात होते म्हणून जागची हलले नाही."

"ब्रेक मी मारला," काका म्हणाले.

"आप्पा..."

"मीच मारला. ह्या पायानं!" काकांनी उजवा पाय पुढं करून दाखवला. पायात चप्पल नव्हती. दोन्ही चपला आत, शेजारच्या सीटखाली, शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसत होत्या.

विजूनं तांब्या खाली ठेवला. "आप्पा, तुमी तवा मांडी घालून बसला होता की."

बसवराज गाडीकडे बघतोय, नवरा माझ्याकडे, मी काकांच्या पायांकडे.

काकांनी उपरणं झटकलं.

"व्हय, बसलो होतो. मांडी मोडली, ब्रेक मारला, परत मांडी घातली! त्याला काय लई येळ लागतोय व्हय?"