धावणाऱ्या पोराचा त्याग

साडेतीनशे पानांचं जपानी पुस्तक अख्ख्या मोहर्लीत सर्वांत आधी मी वाचलं. मला जपानी येत नाही.

हल्ली माझी मुलगी जपानी कार्टून बघितल्याशिवाय जेवत नाही. मंगा म्हणतात त्या चित्रकथांनी तिचं कपाट फुगलंय. परवा तिने विचारलं, "बाबा, तुमची आवडती मंगा कोणती? आणि का?" आता मी आयुष्यात एकच वाचलीय. पण अशी वाचलीय, की ती काढणाऱ्यानेही तशी कधी वाचली नसेल!

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. माझे वडील ताडोब्याच्या तोंडाशी, मोहर्लीतच, जंगलखात्याच्या विश्रामगृहावर खानसामा होते. एका उन्हाळ्यात वाघ बघायला आलेला जपानी साहेब आपलं जाडजूड पुस्तक खोलीत विसरून गेला. बाबांनी ते टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. आम्ही बौद्ध, त्यामुळे जपान म्हणजे बाबांच्या लेखी सोयऱ्यांचंच गाव!

"साहेब परत आला का देऊन देऊ," बाबा म्हणाले. "तवरीक विहारात ठेवतो. घरी उंदरं हायेत."

पावसाळ्यात विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन रोज संध्याकाळी व्हायचं आणि वाचायचा मान माझा. (बी.ए. झालेला आणि रिकामा, असा गावात मी एकटाच होतो.) एकदा वाचन संपल्यावर शेजारच्या सखूबाई म्हणाल्या, "बाबू, ह्या जपानच्या पुस्तकात का लिवलं हाय, सांग ना!"

'येत नाही' म्हणणं पदवीधराला शोभेना. चित्रं तर होतीच. मी नेहमीसारखं डावीकडून पुस्तक उघडलं आणि सुरू झालो.

पहिल्याच पानावर एक पोरगा मोठा कप हातात घेऊन उभा. पुढच्या पानावर तो कप एका म्हाताऱ्याच्या हातात. "पाहा," मी म्हटलं, "जिंकलेला कप देऊन टाकला!"

सभा गहिवरली. मला चेव आला. पुढे शर्यत. पोरगा सगळ्यांच्या पुढे, मग दुसरा, मग तिसरा आणि शेवटी सगळ्यांच्या मागे! "त्यानं समद्यायले पुढं जाऊ देल्लं," मी आवाज घोगरा करून सांगितलं. पुढे त्याने नवे कोरे बूट दुकानदाराला परत दिले. एक कुत्रा त्याच्या पोटरीला चावलेला होता, त्याने पोटरी सोडली आणि शेपटी हलवत निघून गेला. (कुत्र्याचंही मन पालटलं!) शेवटी अनवाणी पोरगा झोपडीत आईच्या कुशीत.

"पण बाबू, हा पोरगा दौडते त मांगं मांगं काऊन जाते?" सखूबाईंनी विचारलं.

"मोठी माणसं पुढं जायची घाई करत नाईत, बाई!"

टाळ्या! मग काय, रोज मागणी होऊ लागली. कीर्ती चिमूरपर्यंत पोहोचली. तिथले एक गुरुजी घरच्यांना घेऊन ऐकायला आले, चष्मा काढून रडले आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, माह्या सुमनले असाच निर्लोभी पोरगा पाह्यजे."

सुमन बायकांमध्ये बसून ते पुस्तक चाळत होती. मला ती बघताक्षणी आवडली. शिवाय बिनकामाच्या बी.ए.ला दुसरं स्थळ येण्याची शक्यता ताडोब्यात सिंह दिसण्याइतकीच होती!

पावसाळा सरल्यावर आमच्याच विहारात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं, कारण गुरुजींना सगळ्या पाहुण्यांना ते पुस्तक ऐकवायचं होतं. पाहुणे बसले, मी घसा खाकरला आणि बाबा दारातून ओरडले, "पाहा कोण आला! माहा जपानी साहेब!"

साहेब आत आला. सगळ्यांना वाकून नमस्कार केला. पांढऱ्या कापडावर मांडलेलं आपलं पुस्तक पाहून हरखलाच! मग मी कप असलेलं पान उघडून बसलोय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने हसत मान हलवली, पुस्तक माझ्यासमोरून उचललं, उलटं फिरवलं आणि उजवीकडून उघडलं.

झोपडी. आई. अनवाणी पोरगा घराबाहेर पडतोय. कुत्रा शेपटी हलवत येतो आणि कडकडून चावतो! दुकानदार बूट देतो. शर्यतीत पोरगा शेवटचा, मग तिसरा, दुसरा, पहिला. आणि म्हातारा त्याला कप देतो!



"म्हंजे ह्यानं काईच सोडलं नाई?" सखूबाई म्हणाल्या. "सारं कमावूनच राह्यला?"

गुरुजी उठले. "म्हंजे हा पोरगा तीन महिने लोकाईले बनवून राह्यला होता! सुमे, चाल!"

सुमन जागची हलली नाही. "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं, बाबा. पानाचे आकडे पाह्यले नाई का तुमी? एक, दोन मांगून सुरू होतेत."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी रडून राह्यले होते. कसं बोलू?"

"आन असा थापाड्या चालते तुले?"

"थापाड्या कुठी? येडा हाय," सुमन म्हणाली. "तिकडं पाहा ना!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं लग्न मोडत होतं आणि मी साहेबाच्या खांद्याला खांदा लावून पानं उलटत होतो! पोरगा जिंकतो का, हे मला बघायचं होतं. (जिंकतो हे मला तीन महिन्यांपासून तोंडपाठ होतं! पण शेवटच्या शर्यतीत माझी छाती धडधडायला लागली, ती काही केल्या थांबेना. मुलीच्या 'का?' चं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.)

 गुरुजी हसू दाबत खाली बसले. "बरं बाई. हा पोरगा पुस्तकात मुंडकं घालून त राहीन, कुठी जाणार नाई."

"अंगठी घाला!" कोणीतरी ओरडलं. चिमूरहून आणलेला फोटोवाला सरसावला. मी पुस्तकातून नजर न काढता हात पुढे केला. कुणीतरी तो अदबीने हातात घेतला.

आमच्या साक्षगंधाचा तेवढा एकच फोटो आहे. त्यात माझा हात हातात घेऊन जपानी साहेब कमरेत वाकलाय आणि सुमन बाजूला अंगठी धरून उभी आहे.