हसरा चेहरा पाठवायचा नियम

लेकीच्या अंगठ्याभोवतीचं कातडं पुन्हा सोललेलं दिसलं, आणि आईच्या जिवाला घोर लागला.

पंधरा वर्षांची ही लेक ऑटिस्टिक. गर्दीत कान झाकून घ्यायची, पण आईच्या शिवणाच्या दुकानात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. निळ्या दोऱ्याच्या वीस छटा ती नजरेने ओळखायची. कपड्याची चेन म्हणजे तर तिचा जीव की प्राण! गिऱ्हाइकं म्हणायची, "ताई, पोरीला मशीनवर बसवा नि तुम्ही घ्या विश्रांती!"

मैत्रिणी मात्र नव्हत्या. म्हणून आईनेच लेकीच्याच वर्गातल्या भाचीच्या हातापाया पडून लेकीला वर्गाच्या ग्रुपवर घ्यायला लावलं. वर शिकवलं, "कोणी हसलं की आपणही हसरा चेहरा पाठवायचा. चिडायचं नाही."

रोज ग्रुपवर कोणीतरी विचारायचं, "आज कोणती चेन?" लेक पाच-पाच मिनिटांचा आवाज भरून पाठवायची, समजावायची. शेजारी काज करत बसलेली आई सुखावायची. पोर माणसांत आली!

परवा लेक आंघोळीला गेली असताना तिचा फोन वाजायचा थांबेना, म्हणून आईने उघडला. लेकीचाच आवाज, तोडून जोडलेला, मागे बकरीचं बेंबें. खाली भाचीने लिहिलं होतं, "चेनबाई पुन्हा अडकल्या!" आणखी कोणी, "तोंडालाच चेन लाव गं." प्रत्येकाखाली लेकीचा हसरा चेहरा.

लेक बाहेर आल्यावर आईने फोन पुढे धरला. "तुला हे लागत नाही का गं?"

"लागतं. पोटात दुखतं. झोप येत नाही."

"मग हसरा चेहरा का पाठवतेस?"

"तूच सांगितलंस." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती.

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं. आता नाही हसायचं."

"मग ते थांबतील?"

आईने फोन उचलला, आणि तसाच खाली ठेवला. भाची तिच्या सख्ख्या दादाची मुलगी. ह्या दुकानाचं शटरसुद्धा दादाने स्वतः उभं राहून बसवून घेतलेलं. नवरा म्हणाला, "भावाशी वाकडं घेऊ नकोस. पोरं विसरतील." आणि दोन दिवस तिने तोंडात मिठाची गुळणी धरली.

आज लेक शाळेत गेलीच नाही. कापायच्या टेबलाखाली गुडघे पोटाशी धरून बसली. गिऱ्हाईक ब्लाउज घेऊन दारात उभं, त्याला "जरा थांबा हं," म्हणून आईने फोन उचलला.

टेबलाखालून आवाज आला, "मामाला सांगणार? सगळं?"

"सगळं. माझं चुकलं तेही."

आणि तिने दादाचा नंबर लावला.