क्षयाची लस, मंदाच्या दंडावर

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला लावले. मनगटावर एक फिका चट्टा होता, त्याला त्या टाचणी लावणार होत्या. "टोचलं की सांग," म्हणाल्या. मी आपली वाट बघत बसले. डोळे उघडले तर टाचणी लावून झालेली, बाई कागदावर लिहीत होत्या.

"लेप्रसी आहे. महारोग म्हणतात तो. गोळ्यांनी पुरता बरा होतो."

मला महारोग तेवढंच ऐकू आलं. तारापूरला मी बोंबील साफ करून वाळत घालायची. काटा रुतून रक्त आलं तरी कळायचं नाही, आणि मी बायकांत मिरवायची, माझा हात दगडाचा हाय म्हणून. काय अक्कल बघा.

"आणि माझी मंदा?" मी विचारलं. लेक चार वर्षांची, माझ्याच कुशीत निजायची.

पुढच्या खेपेला मंदाला नेलं. अंगावर चट्टा नव्हता. जन्म घरातला, कुठलीच लस झालेली नव्हती. बाईंनी तिच्या दंडावर बीसीजी टोचली. बीसीजी म्हणजे टीबीची, क्षयाची लस. माझं टाळकं सरकलं. "बाई, रोग एक नि सुई भलत्याची? आमी अडाणी, म्हणून कायपन टोचाल?"

बाई रागावल्या नाहीत. "दोन्ही जंतू एकाच कुळातले. एकाला ओळखणारं अंग दुसऱ्यालाही बऱ्यापैकी अडवतं. शंभर टक्के नाही. पण खास याची लस निघेपर्यंत पोरगी थांबेल का?"

मी मंदाला कडेवर घेतलं. हाताशी आहे त्यातूनच लेकराचं भलं बघणारी बाई होती ती.

महिन्याभराने मंदाच्या दंडावर गाठ आली, मग फुटली. असं होणार हे बाईंनी सांगितलं होतं, पण मी घाबरून सगळं विसरले. वाटलं, माझंच दुखणं पोरीला लागलं. पदराची पिन काढली. "डोळे मीट," म्हटलं, आणि जखमेच्या कडेला टोचली.

"आये, दुखतंय ना!" मंदा किंचाळली आणि माझ्या हाताला कडकडून चावली.

मी तिला मिठी मारून रडत हसत बसले. शेजारीण म्हणाली, हिला काय झालं?

बाईंनी मात्र चांगलंच झापलं. तुम्हालाही सांगते, लेकराला लसीची जखम झाली तर पिन लावू नका, जखम आपोआप भरते.

माझ्या गोळ्या नेमाने संपल्या, बोटं शाबूत राहिली. मंदाला काही झालं नाही. लसीने झालं की नशिबाने, कोण सांगणार? मी तरी बाईंचंच नाव घेते.

मंदा आता दोन लेकरांची आई आहे. दंडावरचा तो वण मी अजून कधीमधी चिमटते. ती चिडते, "आये, दुखतंय!" तेवढं ऐकलं की माझं पोट भरतं.