आमच्या गावचे भाऊ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून जीभ उचलतेय — तरी बघा, अजून इकडचं तिकडचंच चाललंय माझं.

रमिला सातपुड्याच्या पायथ्याची. जळगावच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत. माझं गाव असोदा, म्हणजे घर हाकेच्या अंतरावर — तोरा केवढा होता मला! कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसणारे गृहस्थही असोद्याचेच. "आमच्या गावचे भाऊ आहेत," असं मी एकदा म्हणून गेले. आपल्याकडे गावातला कुणीही भाऊच असतो. तिला वाटलं, माझा चुलतभाऊच. आणि मी — मी वाटू दिलं. बरं वाटलं हो मला. आम्ही बौद्ध वस्तीतले. त्यांचं घर गावात, मोठं. त्यांनी माझ्याकडे कधी मान वर करून पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी तिच्या घरून पैसे यायचे बंद झाले. तिला कापडाच्या दुकानात काम मिळालं, दुपारचं. भूगोलाचं प्रात्यक्षिकही नेमकं दुपारीच. विषय सोडला तर शिष्यवृत्ती जाईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. शिष्यवृत्ती गेली की कॉलेज संपलं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

"तुना भाऊ शे ना तठे? त्याले इचार ना."

गेले मी. खिडकीपाशी उभी राहिले. रमिला मागे बाकावर, माझ्याकडे बघत. मला कशाची भीती वाटली, सांगू? भाऊ म्हणून हाक मारली आणि ते म्हणाले, "कोण गं तू?" — तर? तिच्यादेखत? एवढ्याशा गोष्टीला घाबरतं का कुणी? मी घाबरले. उगाच ओठ हलवले आणि परत आले.

"विचारलं. काही होत नाही म्हणाले. सोड बिनधास्त."

तिनं विषय सोडला. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती नामंजूर — एक विषय कमी, म्हणजे अभ्यासक्रम अपुरा. ती पेटी भरत होती तेव्हा मी समोरच बसले होते. तेव्हा तरी बोलावं ना माणसानं? मी तिच्या कपड्यांच्या घड्या घालून दिल्या. उलट जाताना तीच माझी समजूत काढत होती. "भाऊवर राग नको धरू. त्याना हातमां काय शे?"

मी शिकले. आता धुळ्यात शाळेवर आहे, पगार आहे, घर आहे. ती गावी, पाऊस झाला तर शेती, नाहीतर मजुरीला गुजरातेत.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. धाकट्या बहिणीला आमच्याच कॉलेजात घातलंय. तिला एक विषय जड जातोय — सोडला तर चालेल का, तुझ्या भाऊंना विचारशील का?

खरं सांगायला याहून बरी वेळ कोणती येणार होती? मी म्हणाले, विचारते. थोड्या वेळानं मीच फोन केला. "भाऊ म्हणाले, सोडू नको. शिष्यवृत्ती जाते."

 ती म्हणाली, "मंग आते नियम बदली गया व्हई."

मी म्हणाले — हो, बदलला.