तीर्थपुरीच्या मुक्ताबाई आणि मी दिलेलं मत

खरं सांगायचं तर मी तीर्थपुरीला निघालो ते स्वतःला बरोबर ठरवायला.

नवोदित छायाचित्रकारांना जगापुढे आणणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय मंचासाठी आम्ही पाच छायाचित्रकार निवड करत होतो. यंदाची फेरी पोलंडची होती. चौदा जणांतून सहा निवडायचे, तेही पुण्यातल्या घरी बसून, संगणकावर. त्यात हान्ना नावाच्या मुलीची मालिका जालना जिल्ह्यातली निघाली. वाळलेली मोसंबीची बाग, प्लास्टिकच्या खुर्चीवर लाल लुगड्यातली बाई आणि तिच्या डोक्यावर पांढरं हेल्मेट. मी म्हणालो, “हे ठरवून बसवलेलं आहे. आमच्या बायकांना ही हास्यास्पद करते आहे. मी त्याच जिल्ह्यातला आहे, वाटूरचा.” बाकीच्या चौघांनी लगेच माझं ऐकलं. हान्ना बाद झाली.

महिन्याभरानं तिची मेल आली. वाद नव्हता. ‘तुमचा अभिप्राय मिळाला. तुम्ही तिकडचेच आहात तर एक विनंती. मुक्ताबाईंचा फोटो दोनदा पोस्टानं पाठवला, दोन्ही वेळा परत आला. तुम्ही नेऊन द्याल का?’ मी हो कळवलं, पाठोपाठ फोटोचं पार्सल आलं. आत एका चिठ्ठीवर मुक्ताबाईंचा मोबाइल नंबर होता.

पुण्याहून एसटीनं जालन्याला पोचेपर्यंत दिवस संपतो, त्यामुळे मुक्काम जालन्यातच धरा. स्टेशनजवळ साधे, स्वच्छ लॉज आहेत. सकाळी बसस्टँडवर गरम पोहे खाऊन अंबडची गाडी पकडायची, तिथून तीर्थपुरीला जीप मिळते. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर हा रस्ता तुमचा नाही. दोन्ही बाजूंना कपाशी आणि ऊस, मध्येच मोसंबी. कितीतरी बागा वाळलेल्या. दहावीनंतर मी जिल्हा सोडला तो सोडलाच. लग्नाकार्याला येऊन संध्याकाळी परत. जीपमध्ये शेजारच्या माणसानं विचारलं, “पाव्हणे कुठले?” तर तोंडातून पुणेच निघालं.

मुक्ताबाई गावाबाहेरच्या बागेत भेटल्या. पन्नाशीच्या, ताठ. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. “बराबर आलाय,” म्हणाल्या.

मी विचारलं, “मावशी, हेल्मेट तिनं दिलं होतं का?”

“ती कशाला देईल? माझंच हाय. वाळली झाडं तोडते मी, मशीननं. एकदा फांदी डोक्यात पडल्ती, तवापासून घालते. हान्ना तर म्हणली, काढून बसा. मी म्हणलं, बिलकुल न्हाई. काढायचा तर असाच काढ.”

त्या बोलतच होत्या. हान्ना दोन हंगाम इथल्या शिक्षिकेच्या घरी राहिली होती. बायांबरोबर फांद्या उचलत होती, मोडकंतोडकं मराठी शिकली होती.

“मंग, हान्नानं फोटो धाडल्ते त्याचा निकाल काय लागला? नंबर आला का पोरीचा?”

“नाही आला.”

“का बरं?”

काहीतरी गुळगुळीत सांगून सुटता आलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर तयारही होतं. पण म्हणालो, “माझ्यामुळं. मी म्हणालो, हे फोटो खोटे आहेत.”

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. “तुम्ही कव्हा आल्ते इथं?”

“आलो नव्हतो.”

“मंग?”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर शेंगदाण्याची चटणी. खाऊन झाल्यावर हेल्मेट चढवलं, मशीन सुरू केली आणि ओरडल्या, “दूर व्हा, फांदी पडल!” गळ्यात कॅमेरा असूनही माझा हात वर गेला नाही.

घरी येऊन आधी मंचाला लिहिलं, काहीही न लपवता. उत्तर सभ्य होतं: यादी जाहीर झाली आहे, आता बदल नाही. हान्ना पुढच्या वर्षी वयात बसत नाही, हेही त्यातच कळलं. निवड समितीतून मी बाहेर पडलो. त्यानं तिचं काही भरून आलं नाही.

मग तिला लिहिलं. लांबलचक माफी, चार वेळा खोडून. तिचं उत्तर तीन ओळींचं. ‘फोटो पोचवलात, आभारी आहे. तुम्ही गेलात हे चांगलं केलंत. मुक्ताबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का?’

मला माहीत नव्हतं. अर्धा दिवस त्यांच्यासमोर बसून, त्यांची भाकरी खाऊन आलो होतो. आणि विचारलं काय, तर हेल्मेट कोणी दिलं.

फोन लावला. मशीनचा आवाज थांबला.

“मावशी, डोळ्याचं ऑपरेशन झालं का?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“हान्नानं विचारलंय.”

“अस्सं. मंग तिलाच सांगते मी,” त्या म्हणाल्या, आणि मशीन पुन्हा सुरू झाली.