विभूती लावलेला नकाशा

आमच्या घरातलं बाथरूम झोपायच्या खोलीपेक्षा मोठं आहे, आणि त्याचं कारण मी आहे.

पाहुणे पहिल्यांदा येतात तेव्हा त्यांना वाटतं, आपण चुकून दुसऱ्याच दारात शिरलो. मग ते हळूच विचारतात, "असं का हो?" पूर्वी मी सांगायची, "वास्तूचं काहीतरी आहे." आता गुडघे गेले, दात गेले, लाजही गेली. म्हणून खरं तेच सांगते.

मी तेव्हा चाळिशीत होते आणि सोलापुरात सात रस्त्याजवळ एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. आधी सगळं हातानं. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ब्लेडनं खरवडायची, आणि जास्त खरवडली की कागदाला भोक! मग ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी मला कॅड, म्हणजे त्यावर नकाशे काढायला, शिकायला बसवलं. मी शिकले. एवढंच झालं असतं तर ठीक होतं. पण कॉम्प्युटर शिकलेल्या बाईची जी एक मस्ती असते ती माझ्या अंगात इतकी भरली, की घरी भाजी चिरतानासुद्धा मी उजव्या हाताचं बोट माऊसवर असल्यासारखं उचलून धरायची.

कॅडमध्ये मला सगळ्यात आवडायची ती मापरेषा. ऑफिसात आम्ही तिला डायमेन्शन म्हणायचो. दोन भिंतींच्या मध्ये ती दोन्हीकडे बाण ताणून उभी असते आणि मधोमध आकडा. भिंत सरकवली की आकडा आपला आपण बदलतो. इमानी बाई! पण तिच्यात एक खोट आहे. आकड्यावर दोनदा क्लिक केलं की तो पुसून तुम्ही वाटेल तो आकडा लिहू शकता. भिंत जागची हलत नाही, आणि नकाशा मात्र तुम्ही म्हणाल ते बोलतो.

साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सुलोचनाबाई, ते करायचं नाही. भिंत हलवा, आकडा हलवू नका."

मी मान डोलावली होती. (माझी मान फार चांगली डोलते. लग्नातही तशीच डोलली होती.)

आता आमची अव्वा. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. ह्यांची, म्हणजे मल्लिनाथांची आई. राहायची होटगीला, एकटी. तिथलं न्हाणीघर अंगणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात. एकदा पहाटे तिथं जाताना पाय घसरून ती पडली आणि उजाडेपर्यंत तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण ह्यांची झोप मोडली ती कायमची. हे रेल्वेत. ड्यूटीवर असले तरी मन अंगणातल्या त्या कोपऱ्यात. म्हणून आम्ही सोलापुरात घर बांधायला काढलं. खरं तर घर नव्हतंच बांधायचं. अव्वासाठी तळमजल्यावर एक खोली आणि खोलीला लागून बाथरूम बांधायचं होतं. आम्ही आपले उरलेल्या जागेत.

अव्वा यायला तयार नव्हती. ह्यांनी हातापाया पडून तिला कशीबशी तयार केली. मग ती म्हणाली, "येते. पन खोलीला नंदी निघाला पायजे."

हे न कळणाऱ्यांसाठी सांगते. खोलीची लांबी गुणिले रुंदी करायची, आठानं भागायचं आणि बाकी बघायची. पाच उरले तर नंदी. चार उरले तर कुत्रा. काहीच उरलं नाही तर कावळा. आम्ही शंकराची माणसं, अव्वाला नंदीच हवा. सिंह, हत्ती तिला चालणार नव्हते.

मी नकाशा घेऊन होटगीला गेले. खोली अकरा फूट रुंद, दहा फूट लांब. तिच्या पुढं पाच फुटांचं बाथरूम. सगळं मिळून पंधरा, की लागलीच बाहेरची भिंत. (भिंतींची जाडी मी इथं धरत नाही. घोळ तिच्याशिवायच पुरेसा आहे.)

अव्वानं बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. "अकरा धाय एकशेधा... आठानं भाग... सा उरले." आणि तिनं बोट तोंडावर ठेवलं. "अय्यो शिवने! कत्ते!"

"म्हणजे?" माझं कानडी तेव्हा कच्चं होतं.

"गाढव निगालं की गं! म्हातारपनी मला गाढवाच्या खोलीत घालतीस व्हय?"

"अव्वा, अहो, एवढं काय त्यात..."

"तुला न्हाय वाटत. तुला तितं झोपायचं न्हाय."

मी परत आले आणि ऑफिसात बसून आकडे लावून बघितले. अकरा नव्वे? कुत्रं... नाही, सिंह. अकरा बारे? कुत्रं. अकरा पंधरे एकशेपासष्ट, बाकी पाच. नंदी! पण पंधरा फूट म्हणजे बाथरूमसकट सगळी जागा. भिंत हलवायला जागाच नाही. आता शहाण्या माणसानं लहान आकडेही लावून बघितले असते. पण खोली लहानही करता येते हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. तिथं मस्ती राहायला आली होती, बाकी कशाला जागा नव्हती. मी मापरेषेवर दोनदा क्लिक केलं, दहा पुसले, पंधरा लिहिले.

एक नकाशा अव्वाला दाखवायला, एक मिस्त्रीला द्यायला. अव्वाच्या नकाशात पंधरा आणि पाच मिळून पंधरा होत होते, पण ते कोण बघतंय? म्हातारीचं समाधान झालं, भिंत जागेवर राहिली, बाथरूम वाचलं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की मी येताना स्वतःसाठी गजरा घेतला.

अव्वानं नकाशा बघितला. पंधरा हा आकडा बोटानं चाचपला. पेरं मोजली. मग उठली, देवापुढं गेली आणि त्या नकाशावर विभूतीचे तीन पट्टे ओढून तो स्वतःजवळच ठेवून घेतला. मला मनातून जरासं टोचलं. पण तेवढ्यात माझ्या भावाचा मंगळवेढ्याहून निरोप आला की हुरडा आलाय, ये. मी गेले. आणि मंगळवेढ्याचा हुरडा ज्यांनी खाल्लाय ते मला, मी लगेच का परतले नाही, असं विचारणार नाहीत.

इकडं कॉलम आणि स्लॅब आधीच झाले होते, आता भिंती चढायला लागल्या. हे ड्यूटीवरून येता-जाता बघायचे. मला फोनवर म्हणाले, "अव्वाची खोली लई ऐसपैस झालीय गं! आणि मागनं वारं काय येतंय!"

वारं कुठून येतंय, हे मी विचारलं नाही. तोंडात हुरडा होता.

मी परतल्यावर चांगला दिवस बघून ह्यांनी अव्वाला घर दाखवायला आणलं. ती नारळ घेऊन आली आणि सोबत पाण्यानं भरलेला तांब्या. बाथरूममध्ये पहिलं पाणी आपल्या हातानं ओतायचं, असं तिनं ठरवलं होतं. खोलीत शिरली, चहूकडं बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की मीही दोन मिनिटं विसरले की ही खोली एवढी असायला नको होती.

"हे माजं बातरूम व्हय?" समोरच्या दाराकडं बघत तिनं विचारलं.

"व्हय अव्वा," हे अभिमानानं म्हणाले. "खोलीतल्या खोलीत! अंगण ओलांडायला नको."

अव्वानं तांब्या सावरला, शिवाचं नाव घेतलं आणि दार उघडलं.

पलीकडं ऊन होतं. उन्हात साडी अंथरलेली होती, साडीवर लाल मिरच्या होत्या, आणि मिरच्यांच्या पलीकडं पाटावर शेजारच्या पद्मावहिनी बसल्या होत्या.

"या की अव्वा," पद्मावहिनी म्हणाल्या. "चा टाकू का?"

अव्वानं तांब्याकडं बघितलं. मिरच्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"मिस्त्री!" मी ओरडले.

सिद्राम मिस्त्री थापी धुवत शांतपणे आले. "काय वैनी?"

"हे काय आहे?"

"बातरूमचं दार."

"आणि बाथरूम कुठाय?"

"त्येच मला तुमाला इचारायचं हुतं. तुमी हुरड्याला ग्येलता. कागदात खोली पंधरा हाय. पंधरा मोजले, घर संपलं. भितीत दार दावलंय, म्हनून दार काढलं. फुडं बातरूम बांधावं तर पद्मावैनींच्या मिरच्या!"

"पण मी तुम्हाला दिलेला नकाशा? त्यात दहा होते!"

"त्यो हाय की. त्येनं सिमेंटचं पोतं झाकलंय." मग त्यांनी खिशातून घडी काढली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, आत विभूतीचे तीन पट्टे. "पन अव्वांनी सोता होटगीस्नं येऊन ह्यो दिला. म्हनल्या, ह्योच खरा. आता वैनी, तुमीच सांगा. एका कागदाला विभूती हाय, एकाला न्हाय. मी कुटला धरू?"

नकाशाच्या खाली तर मी स्वतः टाइप केलेली सूचना होती : लिहिलेले माप प्रमाण मानावे, पट्टी लावून मोजू नये.

"कॉम्प्युटरची चूक झाली असेल," मी म्हणाले.

"तू तर म्हणत होतीस, कॉम्प्युटर कधी चुकत नाही," हे म्हणाले. (नवऱ्याची स्मरणशक्ती नेमकी कधी चालते, हा अभ्यासाचा विषय आहे.)

अव्वा विटांच्या ढिगावर बसली. तांब्या मांडीवर. आवाज अजिबात चढलेला नव्हता. तोच चढला असता तर बरं झालं असतं.

"सुलोचना, आकडा तू लिवलास?"

"हो."

"भित न्हाय हलवलीस?"

"नाही."

"आन मी त्येला विभूती लावली."

पद्मावहिनी मिरच्या परतायच्या थांबल्या.

"मल्ल्या," अव्वा म्हणाली, "होटगीची गाडी कवा हाय रं?"

ह्यांचं सगळं आयुष्य गाड्यांच्या वेळा सांगण्यात गेलेलं. झोपेत विचारलं तरी सांगायचे. पण त्या क्षणी त्यांना एकही गाडी आठवेना. ते भिंतीला टेकून उभे राहिले, आणि मला दिसलं की ते इथं नाहीतच, होटगीच्या अंगणात पहाटेचे उभे आहेत.

मी खाली बसले, अव्वाच्या पायाशी. "अव्वा, भिंत मी आजच घालून घेते. दहावर. बाथरूम होईल. पण... गाढव निघेल. मी कितीही लिहिलं तरी गाढवच निघेल."

अव्वाचा अंगठा पेरांवरून चालायला लागला होता.

"माजा पलंग केवडा हाय?"

"साडेसहा फूट," हे एकदम म्हणाले.

अंगठा पुन्हा चालला. मग थांबला. "एळु."

"काय?"

"सात गं, सात! अकरा साता?"

"सत्त्याहत्तर."

"आठानं भाग."

मी भागलं. पाच उरले. कॉम्प्युटर शिकलेली बाई विटांच्या चुऱ्यात बसून बोटांवर भागाकार करत होती, आणि पुन्हा करत होती, कारण उत्तर बरोबर येत होतं.

"नंदी," मी म्हणाले.

"मिस्त्री, सातावर भित घाला."

सिद्राम मिस्त्री घाबरले. "अव्वा, मग बातरूम आट फुटाचं हुईल! खोलीपरीस मोटं!"

"हुंदे की! मी पडले कुटं, खोलीत का न्हानीत? जितं पडायची भीती, तितंच जागा लागती." आणि तांब्या हातात घेऊन ती उठली.

"नवा कागद कवा मिळंल, वैनी?" मिस्त्रींनी मला विचारलं.

उत्तर अव्वानंच दिलं. "कागद न्हाय. आदी भित. मंग आकडा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी नकाशा उघडला. भिंत धरली, सातावर आणून सोडली. मी कशालाही हात न लावता मापरेषेतला आकडा सात झाला. लाजच वाटली मला त्याची.

अव्वा शेवटपर्यंत त्या खोलीत राहिली आणि एकदाही पडली नाही. बाथरूममध्ये तिनं एक खुर्ची, एक पाट आणि देवाची तसबीर ठेवली होती. मागचं दार अर्धं बुजवून खिडकी केली, त्यातून पद्मावहिनींचा चहा यायचा. कुणी आलं की ती आधी बाथरूम दाखवायची. माझी कहाणी सांगितल्याशिवाय पाहुण्याला बाहेर सोडायची नाही.

आता त्या खोलीत मी राहते. नंदी सुखरूप आहे, गुडघे नाहीत. म्हणून परवा माझी नात गौरी आली. ती स्वतः आर्किटेक्ट आहे. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवायचे म्हणून लॅपटॉपवर सगळं काढत होती.

"आजी, तुझी उंची सांग. दांडा त्या हिशोबानं लावायचाय."

"पाच फूट दोन इंच," मी म्हणाले.

तिनं एकदा माझ्याकडं नीट बघितलं. मला भिंतीला उभं केलं, डोक्यावर पुस्तक टेकवलं, खाली टेप सोडली.

"चार फूट अकरा! आजी, तू आकडा लिहिलास. भिंत नाही हलवलीस!"

मी जरा विचार केला.

"बरं, मग त्याच्यावर थोडी विभूती लाव."